पाव्हण्याचं पाणी

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. भोरात मला सगळे दुर्बीण म्हणतात आणि सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. दुर्बीण लांबचं बघते, तिला जवळचं काही कळत नाही. मी जवळचं बघतो. तुमच्या नखाखाली काय चाललंय ते मला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. पण या मुलखात इतकी वर्षं काढल्यावर माणूस काय, यंत्रसुद्धा निवळतं. आता कुणी दुर्बीण म्हणून हाक मारली तरी मी ओ देतो.

माझ्यात डोळा घालणाऱ्यांची मला चांगली पारख झाली आहे. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास नको तो डोळा मिटतो. मग दोन्ही मिटतो. मग कसाबसा एक उघडतो आणि स्वतःच्याच पापण्या बघून म्हणतो, "बाप रे, केवढे किडे." काहीजण काहीच दिसलं नाही तरी "हं, हं" करत मान हलवतात आणि घाईघाईनं बाजूला होतात. काहीजण सरळ सांगतात, "काय बी दिसंना बुवा." मला हे दुसरे बरे वाटतात. त्यांना पुन्हा दाखवता तरी येतं.

माझा जन्म समुद्रापार एका थंड गावातला. माझी भिंगं घासणारा म्हातारा काम करताना शीळ घालायचा, आणि भिंग मनासारखं झालं की थांबायचा. त्या कारखान्यात माझी भावंडं पुष्कळ होती, पण ती मेलेलं बघण्यातली. पेशी आधी मारायची, मग तिला गुलाबी नाहीतर निळा रंग द्यायचा, तेव्हा कुठं त्यांना ती दिसायची. माझ्यात मात्र प्रकाश वळवायची अशी एक खुबी बसवली होती की काही न मारता, काही न रंगवता जिवंत पेशी तिच्या सगळ्या हालचालींसकट दिसावी. शिवाय विजेचा दिवा लावा नाहीतर आरसा लावून उन्हात बसवा, मी दोन्हीकडं चालतो. थोडी ऐट होती माझ्यात, नाही म्हणत नाही.

पुण्याच्या संशोधन संस्थेत मी पेटीतून बाहेर आलो तेव्हा मला मागणारे पुष्कळ होते. एकाला मी कांद्याच्या पापुद्र्यासाठी हवा होतो. एकाला मला नुसता काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावायचं होतं. आणि एक होता मानसिंग रणपिसे. उंच, सडपातळ, बोलताना हातातल्या पेन्सिलीचं टोक चावणारा. संस्थेची एक छोटी शाखा भोरला होती, बाजारपेठेच्या मागं दोन खोल्या, आणि पाण्यातून होणाऱ्या रोगांवर तो तिथं काम करायचा. तो भोरचाच. त्याच्या डाव्या घोट्यावर एक जुना वण होता, नारूचा.

नारू ज्याला झालाय त्याला तो काय असतो हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. उन्हाळ्यात पायाला फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढतो. ओढला तर तुटतो, तुटला की पाय सुजून माणूस आडवा. म्हणून तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा, आणि तोवर बसून राहायचं. आग तर अशी होते की माणूस पाय गार पाण्यात घालायला धावतो. पायऱ्यांच्या विहिरीत पाय घातला की जंताची पिल्लं पाण्यात सुटतात, तिथल्या बारीक पाणपिसवा ती गिळतात, आणि ते पाणी जो पितो त्याच्या अंगात जंत वाढायला लागतो. वर्षानं त्याच्या पायाला फोड, आणि तोही पाय घेऊन त्याच विहिरीत उतरतो.

सारोळ्याच्या पुलाच्या अलीकडं आत वळलं की डोणवस्ती लागते. बौद्धांची पंधरावीस घरं. त्यांची पिण्याची विहीर एकच, जुनी, पायऱ्यांची. गावाची विहीर वेगळी, रहाटाची. तिच्यावर वस्तीनं जायचं नाही ही रीत कायद्यानं मोडली होती, माणसांनी अजून मोडली नव्हती. त्यामुळं नारू व्हायचा तो वस्तीतच, आणि गावातले लोक म्हणायचे, त्यांच्या अंगातच उष्णता असते. हे ऐकलं की मानसिंगच्या कानशिलाची शीर उडायची. कारण त्या वस्तीत त्याची सख्खी मावशी राहायची, ठकुबाई. लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी तो तिच्याकडंच काढायचा, आणि घोट्यावरचा वण तिथल्याच पाण्याचा होता.

मी यायच्या आधी त्यानं वस्तीवर जाऊन जुन्या यंत्रातून पाणपिसू दाखवली होती. मेलेली, रंगवलेली, काचेवर चिकटवलेली. ठकुबाईनं ती बघितली आणि भाच्याला म्हणाली, "मेल्यालं काय बी दावशील बाबा. ह्ये तू घरनं रंगवून आनलंस. आमच्या पान्यात असलं गुलाबी काय न्हाई." सगळी वस्ती हसली. आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हापासून त्यानं जिवंत दाखवणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे माझ्यासाठी, पुण्याच्या साहेबांचा पिच्छा पुरवला. मोठे साहेब माणूस सज्जन, पण खात्री पटल्याशिवाय मान न हलवणारे. ते म्हणाले, "रणपिसे, साध्यानं भागत नाही का तुमचं?"

"मेलेलं दाखवून कुणाची सवय मोडत नाही साहेब. मला जिवंत दाखवायचंय. त्यांच्याच पाण्यातलं, त्यांच्याच डोळ्यांना."

"विहिरीत पिसवा असतात हे मलाही ठाऊक आहे. विहिरीत बेडूकही असतात, बेडूक कुणी पीत नाही. लोक घरात जे पाणी पितात त्यात दाखवा, माझ्यासमोर. दाखवलंत तर हा सूक्ष्मदर्शक भोरला राहील, आणि पायऱ्या बुजवून तिथं रहाट बसवायची शिफारस मी स्वतः वरपर्यंत नेईन. पावसाच्या आत नाही जमलं तर हा पुण्याला परत. मागणारे खूप आहेत."

असा मी बोलीवर भोरला निघालो. मला न्यायला आला होता कोंडिबा, मानसिंगच्या खोल्यांचा शिपाई. उत्रोलीचा माणूस, घरी भाताची खाचरं, पन्नाशीचा, टोपी कायम एका कानावर. एसटीत कंडक्टर म्हणाला, "ओ मामा, पेटी टपावर टाका."

"तुमी तुमचं डोळं टपावर टाकता का?" कोंडिबानं विचारलं.

"काय हाय त्यात?"

"सरकारी डोळा हाय."

कंडक्टरनं जरा विचार केला आणि माझं हाफ तिकीट फाडलं. कात्रजच्या घाटात कोंडिबाला उलटी झाली, पण त्यानं मला मांडीवरून हलवलं नाही. तोंड खिडकीबाहेर आणि दोन्ही हात माझ्यावर, असा तो माणूस कापूरहोळपर्यंत आला. त्या दिवसापासून आमची दोघांची गट्टी जमली.

भोरचे पहिले दिवस फार मजेत गेले. मानसिंगनं पहिल्याच दुपारी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब माझ्याखाली ठेवला आणि बघत बसला. एक पांढरी पेशी तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत सावकाश पुढं सरकत होती. "चाललीय. कोंडिबा, इकडं या, चाललीय बघा," तो म्हणाला. कोंडिबानं टोपी काढून डोळा लावला. बराच वेळ बघून म्हणाला, "माझ्या रगतात बी असलं फिरतं?"

"फिरतं की. लाखांनी."

"आनि मी इतकी वर्सं सोताला एकटाच समजत हुतो," कोंडिबा म्हणाला, आणि त्या दिवशी फार खुशीत घरी गेला.

मग बातमी बाजारात पसरली. नीरेचं पाणी घेऊन कुणी यायचं, कुणी दही घेऊन यायचं. एक दुकानदार आपल्या खोबरेल तेलात भेसळ नाही हे मी सांगावं म्हणून बाटली घेऊन आला. मी सगळ्यांना जे होतं ते दाखवलं. नीरेच्या पाण्यातले ते केसाळ, चपलेच्या आकाराचे जीव इकडून तिकडं पळताना बघून पोक्त माणसं पोरांगत खिदळायची. मला वाटलं, हे गाव आपल्याला मानवलं.

पण माझं खरं काम डोणवस्तीत होतं. त्या उन्हाळ्यात ठकुबाईच्या सुनेला, फुलाबाईला, नारू झाला होता. ती उंबऱ्यात पाय पसरून बसलेली असायची, घोट्यापाशी काडी, काडीला गुंडाळलेला जंत. आणि तिची जाई तेव्हा नुकती चालायला लागली होती. हातात पितळेचं फुलपात्र घेऊन ती घरभर फिरायची आणि दिसेल त्याला "पानी, पानी" म्हणायची. मानसिंगचा सगळा जीव त्या पोरीत अडकला होता. "कोंडिबा," तो म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात हिच्या पायाला काडी लागता कामा नये. बास."

सायकलवर बाटली अडकवून तो वस्तीवर जायचा. ठकुबाई दारातच, "जय भीम, साहेब," म्हणून त्याची थट्टा करायची आणि मग खरंच कौतुकानं त्याच्याकडं बघत राहायची. मानसिंग म्हणायचा, "मावशी, तुम्ही पिता ते पाणी दे."

"देते की. आत्ता देते."

ती आत जायची. भांड्यांचा आवाज यायचा. जरा वेळानं बाटली भरून यायची. तो विहिरीकडं निघाला तर त्याला जाऊ द्यायची नाही. "आमचा साहेब पायऱ्या उतरून पानी भरनार व्हय? आमी मेलोय का?" तो हसायचा आणि बाटली घेऊन भोरला यायचा. त्याला हवं होतं ते घरातलं पाणीच, आणि ते तर मिळालं होतं.

भोरात थेंब माझ्याखाली यायचा आणि मी बघायचो. काही नाही. एखादा हिरवा ठिपका, कधी चिंचेचा बारीकसा चोथा, बाकी स्वच्छ. मानसिंग भिंग बदलायचा, दुसरा थेंब घ्यायचा, तिसरा घ्यायचा. काही नाही. पुन्हा सायकल, पुन्हा बाटली, पुन्हा तेच. एकदा तर त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आंधळा आहे का? लगेच त्यानं नीरेचा थेंब ठेवून मला तपासलं आणि त्यात भरलेली जत्रा मी त्याला दाखवली. माझ्यात खोट नव्हती. त्याच्यातही नव्हती. मग पोरीबाळींच्या पायांतून जंत निघतात ते येतात कुठून, हेच आम्हाला कळेना.

असा सगळा उन्हाळा गेला. मृगाच्या तोंडावर पुण्याहून निरोप आला, मोठे साहेब डोणवस्तीत येताहेत, यंत्र तिथंच मांडा. मानसिंगनं निरोप ऐकला आणि पेन्सिलीचं टोक कडकन चावून तोडलं.

वस्तीच्या समाजमंदिराच्या ओट्यावर मला मांडलं. ऊन चांगलं होतं, माझा आरसा झकास लागला. वस्तीतली सगळी माणसं जमली. गावातलेही दोनचार जण पानतंबाखू चघळत लांब उभे राहिले. जीपमधून मोठे साहेब उतरले, रुमालानं मान पुसत पुसत माझ्याजवळ बसले. ठकुबाईनं पाणी आणलं. तांब्या असा घासला होता की त्यात ओटा दिसत होता. मानसिंगनं घाई केली, थेंब काचेवर पडायच्या ऐवजी आधी माझ्या पायावर पडला.

काही नाही. दुसरा थेंब, काही नाही. साहेबांनी स्वतः डोळा लावला. घाई न करता, नीट, माझी चकती पुढंमागं फिरवून बघितलं. मग उठून मानसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. "रणपिसे, पाणी स्वच्छ आहे. तुम्ही मेहनत केलीत, मी पाहिलंय. पण कारण दुसरं काही असणार. सूक्ष्मदर्शक मी घेऊन जातो."

"म्या म्हनलंच हुतं," ठकुबाई खुशीत म्हणाली, "आमचं पानी चांगलं हाय." लांब उभे होते ते एकमेकांकडं बघून हसले.

कोंडिबानं पेटी उघडली आणि मला आत ठेवायला घेतलं, पण इतका सावकाश की जणू पेटी खोल विहिरीत होती. मला रडता येत नाही, भिंगं ओली झाली तर काम बिघडतं. नाहीतर त्या वेळी रडलो असतो. पुण्याच्या कपाटासाठी नाही. जाई ओट्याच्या पायरीवर बसून फुलपात्रातून पाणी पीत होती, ते दिसत होतं म्हणून.

ऊन फार होतं. साहेब म्हणाले, "बाई, जरा प्यायला द्या." ठकुबाई लगबगीनं उठली. तेवढ्यात उंबऱ्यातून फुलाबाईनं हाक दिली, "आत्याबाई, साहेबास्नी गाळायला मघाचंच फडकं घेऊ, का दुसरं आनू?"

मानसिंग वळला. "कसलं फडकं, वहिनी?"

"पानी गाळायचं. पाव्हण्याला द्यायचं म्हनल्यावर."

"मावशी," मानसिंग अगदी हळू म्हणाला, "तू मला द्यायचीस ते पाणी गाळलेलं होतं?"

"मग? तसंच दिऊ व्हय तुला?" ठकुबाईला राग आला. "त्यात बारीक पांढरं काय काय वळवळत असतं. पाव्हण्याच्या तोंडात त्ये घालायचं का? लुगड्याचं चार पदरी फडकं केलंय त्याच्यापायी. तांब्या चिंचंनं घासते, पानी गाळते, मग देते. दर खेपंला तसंच दिलंय. इचार तुझ्या वहिनीला."

"अगं, तुम्ही पिता ते मागितलं होतं मी."

"त्येच दिलं की. त्याच डेऱ्यातलं. गाळलं म्हनून काय पानी बदलतं?"

"आणि घरी? रोज गाळता?"

"घरी कोन गाळतंय रं? घागर आली की डेऱ्यात वतायची. घरच्यास्नी चालतंय."

"मी लहान असताना सुट्टीत यायचो, तेव्हा गाळायचीस?"

"तवा तू काय साहेब हुतास व्हय?" ती म्हणाली आणि हसून सगळ्यांकडं बघितलं. पण कुणी हसलं नाही.

मानसिंगनं चपला न घालताच धाव घेतली. डेऱ्याच्या तोंडावर ते फडकं अजून ओलं पडलं होतं. ते त्यानं तसंच उचललं, एका पितळीत चार थेंब पाणी घेऊन उलटं करून त्यात खळबळलं, आणि पितळी घेऊन ओट्यावर आला. कोंडिबानं मला पेटीतून असं बाहेर काढलं की त्याची टोपी पडली तरी त्याला पत्ता नव्हता. आरसा लावला. थेंब आला.

आणि मी बघितलं. सबंध थेंब उड्या मारत होता. पिसवाच पिसवा, कपाळावर एकच तांबडा डोळा, अगदी माझ्यासारख्याच एका डोळ्याच्या. अंग काचेसारखं आरपार. न मारता, न रंगवता त्यांची आतडी हलताना दिसत होती. त्यातली एक जरा थांबली आणि तिच्या पोटात मला वेटोळं दिसलं. एक बारीक दोरा स्वतःभोवती गुंडाळलेला, आणि तो हलत होता. सावकाश सुटायचा, पुन्हा वळायचा. ज्यासाठी मला सातासमुद्रापलीकडून आणलं ते हे, आणि इतके दिवस ते डेऱ्यावरच्या फडक्यात बसलं होतं.

साहेबांनी बघितलं. डोळा न काढता हात वर केला, म्हणजे कुणी बोलू नका. मग बाजूला होऊन म्हणाले, "ठकुबाईंना बघू द्या."

ठकुबाईनं आधी नको तो डोळा मिटला. मानसिंगनं मागून आपला तळवा तिच्या दुसऱ्या डोळ्यावर धरला. तिच्या श्वासानं माझी काच धुरकटली, त्यानं ती पुसली. मग तिला दिसलं.

"ह्ये आत्ता हालतंय?"

"आत्ता हलतंय मावशी. तुझ्याच फडक्यातलं आहे. मी घरनं आणलेलं नाही."

"ह्याच्या पोटात दुसरं काय तरी हाय. येटोळं."

"तोच नारू. पिल्लू आहे अजून."

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग डोळा न हलवता विचारलं, "जाई ह्येच पिती?"

"हो."

ती सरळ झाली. समोर भाच्याच्या अनवाणी पायाकडं तिची नजर गेली, घोट्यावरच्या वणावर. "आनि तू बी ह्येच प्यालास," ती म्हणाली. "पाव्हण्याला चांगलं पाजलं म्या, आनि घरच्या लेकरास्नी ह्ये." तिथंच ओट्यावर ती मटकन बसली आणि पदर तोंडाला लावला. वस्तीतल्या बाया खाली बघायला लागल्या. घरोघरी तेच होतं. पाव्हण्यासाठी एक फडकं खुंटीला, आणि घरच्यांना घागर.

मानसिंग तिच्यापुढं उकिडवा बसला. "मावशी, रडतेस काय? पुण्याच्या लोकांना जे जमलं नाही ते तुझ्या फडक्यानं केलंय. पाण्यातलं सगळं त्यानं अडवलं, म्हणून तर आम्ही सगळा उन्हाळा आंधळ्यागत बघत बसलो. औषध नको, काही नको. जे माझ्यासाठी करत होतीस ते जाईसाठी कर. एवढंच."

मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, "आणि मला प्यायला द्यायचं राहिलंय बाई. पण गाळून द्या हं." तेव्हा कुठं सगळे हसले. ठकुबाई उठली. साहेबांना पाणी देऊन झाल्यावर तिनं डेरा अंगणात नेऊन पालथा केला आणि त्याच्या तोंडाला ते चार पदरी फडकं सुतळीनं करकचून बांधलं. जाईच्या हातातलं फुलपात्रही तिनं रिकामं केलं. पोरीनं भोकाड पसरलं, पण त्या दिवशी तिचं कुणी ऐकलं नाही.

मी भोरात राहिलो. साहेबांनी शब्द पाळला, तरी रहाट यायला सरकारी वेळ लागायचा तो लागलाच. मधल्या काळात वस्तीचा कारभार ठकुबाईनं हातात घेतला. ज्याच्या पायाला नारू त्यानं विहिरीच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, त्याची घागर शेजारच्यानं आणायची. कुणाचं फडकं फाटलं तर ती स्वतःच्या लुगड्याचा तुकडा द्यायची, आणि कुणी गाळायला टाळाटाळ केली तर दारात उभं राहून अशी सरबत्ती करायची की गाळणं परवडलं. पुढच्या उन्हाळ्यात तरी काहीजणांना नारू आलाच. बाया म्हणाल्या, गाळून काय उपेग झाला? ठकुबाई म्हणाली, "त्याला अंगात वाढायला वरीस लागतं. ह्यो गेल्या सालच्या पान्याचा हाय. औंदा गाळलंय, फुडल्या साली बघा." हे तिला मानसिंगनं सांगितलं होतं, पण ती असं सांगायची की वाटावं, तिनंच ते शोधून काढलंय.

आता मी वेल्ह्यात आहे, सरकारी दवाखान्यात. मानसिंगला पुण्याला मोठं काम मिळालं. कोंडिबा उत्रोलीला शेती बघतो, कधीमधी माझ्यासाठी म्हणून वाट वाकडी करून येतो आणि मला धोतराच्या सोग्यानं पुसायला लागतो, तेव्हा इथल्या तपासनीस बाई त्याला रागावतात. तापाच्या रोग्यांचं रक्त बघणं हे माझं सध्याचं काम. वेल्ह्याचा पाऊस काय असतो ते मी सांगायला नको. माझ्या एका भिंगावर बुरशीनं बारीक जाळी विणली आहे. जन्मभर जिवंत बघत आलो, आता माझ्यावरच जिवंत उगवलंय, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. बाकीची भिंगं ठणठणीत आहेत. तेवढं पावसाळ्यात मला कोरड्या पेटीत ठेवत जा, म्हणजे अजून खूप वर्षं मी तुमच्या कामाला येईन.

पण गप्प बसायच्या आधी एक राहिलंय. भोर सोडायच्या आधीच्या उन्हाळ्यात मानसिंगनं मला पुन्हा डोणवस्तीत नेलं. त्या साली वस्तीत एकाही पायाला काडी नव्हती. जाई मोठी झाली होती, ओट्यावरून उड्या मारत होती, आणि तिचे दोन्ही पाय धुळीनं माखलेले पण वणाशिवायचे होते. मानसिंग घामाघूम होऊन दारात टेकला. ठकुबाई तांदूळ निवडत होती तशीच निवडत राहिली. तांब्या घासायला उठली नाही, आत भांड्यांचा आवाज झाला नाही. तिथूनच म्हणाली, "जाई, काकाला डेऱ्यातलं पानी दे. तुझ्याच फुलपात्रात दे. आता आमच्याकडं पाव्हण्याचं येगळं नसतं."

जाईनं पाणी आणलं. मानसिंगनं त्यातला एक थेंब माझ्याखाली ठेवला. मी या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं.

"काय दिसतंय?" ठकुबाईनं विचारलं.

"काही नाही मावशी."

"नीट बघ."

"नीट बघितलं. काहीच नाही."

"मग उरल्यालं पी की," ती म्हणाली, आणि तो घटाघटा प्यायला.